जप्त झालेले पुस्तक

लातूरच्या ट्यूशन एरियातील मुलींच्या एका वसतिगृहात, कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, एक इंग्रजी कादंबरी पडून आहे. ती आमच्या भाचीची. भाची मूळची नांदेड जिल्ह्यातील. 'नीट'च्या तयारीसाठी दोन वर्षे लातुरात राहते. सतराव्या वाढदिवसाला ही कादंबरी आम्हीच तिच्या हाती दिली होती. ती निम्मी वाचून झाली असताना रेक्टरबाईंनी काढून घेतली. विजेची शेगडी, इस्त्री, मोबाइल आणि अवांतर पुस्तके खोलीत ठेवण्यास सक्त मनाई आहे, असा फलक त्या वसतिगृहाच्या जिन्यापाशी लावलेला आहे. पुस्तकाला शेगडीच्या पंक्तीला बसलेले आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले.

आम्ही बाईंना भेटलो. बाई सौजन्याने बोलल्या. "सर, राग मानू नका. हिच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून लेक इथं पाठवली आहे. या पुस्तकावर परीक्षेत एक तरी प्रश्न येणार आहे का? नीट झाली की घेऊन जा. जपून ठेवलंय."

यावर त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या भाचीने हळूच विचारले, "मामा, ती आजारी मुलगी शेवटी वाचते का हो?" आम्ही म्हणालो, "ते तूच वाच."

अहमदपूर-लोह्यामार्गे नांदेडला परतलो आणि हा प्रकार दोन स्नेह्यांच्या कानांवर घातला. त्यांतले एक धर्मगुरू. ते म्हणाले, "झाले ते बरेच झाले. जादूच्या पुस्तकांनी कोवळी मने बिघडतात." दुसरे मराठीचे प्राध्यापक. ते हसून म्हणाले, "साथीवर वाचायचे तर काम्यू वाचावा. या परीकथांत वेळ कशाला दवडायचा?" अशा रीतीने एकाच पुस्तकाविरुद्ध आठवड्याभरात तीन निकाल लागले. ते निरुपयोगी आहे, घातक आहे आणि पोरकट आहे. हे तीनही निकाल आम्हाला मान्य नाहीत. ज्या मुलांना उद्या रोग्याच्या उशाशी उभे राहायचे आहे, त्यांच्या हातून असली पुस्तके काढून घेणे हा त्यांच्यावर आणि त्यांच्या भावी रोग्यांवर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम पुस्तकाविषयी. टॅमोरा पिअर्स या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली लिहिलेली 'ब्रायर्स बुक' ही ती कादंबरी. चार मुलांच्या कथामालेतील हा चौथा भाग. नगर काल्पनिक, मठ काल्पनिक, विद्याही काल्पनिक. ब्रायर हा एके काळी रस्त्यावर चोऱ्या करून जगलेला पोरगा. त्याला वनस्पतींची उपजत जाण आहे, आणि मठातील एका कडक स्वभावाच्या गुरुबाईंच्या हाताखाली तो शिकाऊ म्हणून राहिला आहे. शहराच्या गटारांत राहणारी एक अनाथ मुलगी त्याची मैत्रीण. तिच्या अंगावर निळे डाग उठतात. गुरुबाई आणि शिष्य तिला गरिबांच्या रुग्णालयात नेतात, तर रोग नवा असल्याने तिघांनाही तेथेच कोंडून घालतात. मंत्र, मुळ्या, काढे असे सारे उपाय होतात, आणि तरीही ती मुलगी दगावते. (वाचकहो, हे आमच्या भाचीला कृपया सांगू नये.)

पुढे औषधाचा शोध सुरू होतो. येथे कोणी छडी फिरवीत नाही. एका तुसड्या, खानदानी विद्वानाच्या प्रयोगशाळेत त्या पोराला हात घासून धुवावे लागतात, तोंडाला फडके बांधावे लागते, थेंबाथेंबाने द्रव्ये मिसळावी लागतात आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवावी लागते. निष्काळजी मदतनिसाला तो विद्वान तत्काळ हाकलून देतो. बहुतेक प्रयोग फसतात. त्यातच गुरुबाईंनाही रोग गाठतो. आणि रोगाचे मूळ शोधत गेल्यावर काय आढळते, तर कोणा विद्यावंताने आपल्या प्रयोगातील टाकाऊ द्रव्य बेफिकीरपणे गटारात ओतून दिलेले! त्या शहाण्याची चूक सर्वांत आधी गटारातल्या मुलांनी भोगली.

आता या कल्पित नगरातून आपण आपल्या मराठवाड्यात येऊ. अंतर वाटते तितके नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथील कोणी विसरलेले नाही. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून माणसे नुकती निजलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीची जाड घरे हजारो जिवांवर कोसळली. पुढे वर्षभरात, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा उपद्रव सुरू झाला. उंदीरही मरून पडू लागले. मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर ज्या रोगाची नोंद या देशात झाली नव्हती, तो प्लेग परतला होता. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी सोडलेली घरे, त्या घरांत राहिलेले धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर, अशी त्याची संगती त्या वेळी अभ्यासकांनी लावली. एका आपत्तीने दुसरीला दार उघडून दिले, असे म्हणता येईल.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण लाखो माणसे गाड्यांच्या टपांवर बसून पळाली, आणि त्यांत आपल्या खानदेशातून पोटासाठी गेलेले कामगार पुष्कळ होते. त्या दिवसांत आमच्या गावातील औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दोन दिवसांत नाहीशा झाल्या, आणि सुरतेहून आलेल्या माणसाला सख्खा भाऊही उंबऱ्याबाहेर उभा करीत होता. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु सुरतेची जी गोष्ट आम्हाला आजही अस्वस्थ करते, ती वेगळी आहे. तेथील अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावून शहर सोडले. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका मात्र थांबल्या. आता विचार करा. पळालेले आणि थांबलेले, दोघेही एकाच अभ्यासक्रमातून गेले होते. प्लेगचा जंतू कोणता, तो पिसवेतून कसा येतो, वेळेत प्रतिजैविक दिले तर रोगी बहुधा वाचतो, ही माहिती दोघांनाही होती. म्हणजे ज्ञानात उणे कोणीच नव्हते. उणे जे होते, त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

रेक्टरबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे सापडले. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्लेगला मिळालेली जागा अशी की, आमांश आणि घटसर्प यांच्या मधोमध एका वाक्यात त्याचे नाव येते. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो. तीन तासांत एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, चुकल्यास एक गुण वजा. या शर्यतीत त्या वाक्यावर क्षणभर थांबणेही महाग पडते. आमचा परीक्षेला विरोध नाही. रोगाचे नाव ठाऊक नसलेला दयाळू डॉक्टर आम्हालाही नको आहे. पण शर्यत जिंकलेला हा मुलगा सहा वर्षांनी प्रत्यक्ष खाटेपाशी उभा राहील, तेव्हा ते एक वाक्य त्याला किती आधार देणार?

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ३ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, वैद्यकीय आंतरवासितांना करोनाच्या कामावर लावण्याचा आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणे, सौम्य रुग्णांवर देखरेख ठेवणे अशी कामे देण्याचा निर्णय केंद्र शासनाने जाहीर केला. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी लातूर-नांदेडच्या वर्गांत उत्तरपत्रिकेवरील गोल काळे करणारी मुलेच साथीपुढे उभी करण्यात आली. गुरूसह कोंडला गेलेला शिकाऊ पोरगा हा मग कल्पनेचा विषय राहिला नाही. आमच्या शेजारचा एक मुलगा तेव्हा आंतरवासिता होता. साथ ओसरल्यावर तो एकदा ओट्यावर येऊन बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, रोग पुस्तकात होता. नसला तर वरिष्ठांना विचारता येत होतं. पण रात्री तीन वाजता त्या माणसाच्या बायकोला फोनवर काय सांगायचं, ते कुणीच शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी फोन दोनदा लावला आणि दोन्ही वेळा तिचा आवाज ऐकून ठेवून दिला."

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. तो थांबला, हीच मोठी गोष्ट. पण त्या रात्रीपूर्वी मृत्यूशी त्याची गाठ एकदाही पडली नव्हती. शेजाऱ्याच्या मयतीलासुद्धा परीक्षेमुळे त्याला जाऊ दिले नव्हते. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले आहेत. त्यांचे स्वागत आहे. तथापि ते येतात वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर. मन घडण्याची वर्षे सोळा-सतराची. ती ट्यूशन एरियात जातात.

कादंबरी वाचून कोणी शूर होत नाही, हे आम्ही मान्य करतो. कादंबरी ही तालीम आहे. तालमीत घुमवलेला पोरगा प्रत्येक कुस्ती मारतोच असे नाही. पण मातीचा स्पर्श त्याला परका राहत नाही. जिवाचे रान केल्यावरही रोगी मरतो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हात धुऊन कामाला लागावे लागते, हा अनुभव आमच्या भाचीला सतराव्या वर्षी, सुरक्षित खोलीत, दिव्याखाली मिळत होता. तो मध्येच तोडला गेला. एखाद्या मुलीला अभ्यासाचाच भाग समजून वाचू द्यावे असे पुस्तक कोणते, असे कोणी विचारले असते, तर आम्ही हेच नाव सांगितले असते.

लातूरकरांनी येथे आमच्यावर रुसू नये. 'लातूर पॅटर्न'चे ऋण आम्ही जाणतो. निजामी राजवटीत शिक्षणाला पारख्या राहिलेल्या या मुलखात, कोरडवाहू शेतकऱ्याची आणि ऊसतोड मजुराची मुले त्या पॅटर्नच्या जोरावर डॉक्टर-इंजिनिअर झाली. आमच्या ख्रिस्ती वस्त्यांतील घरांनाही त्याचा लाभ झाला. परंतु या पॅटर्नचा उगम कोठे आहे, ते एकदा आठवावे. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी तो जोडला जातो, आणि वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक! अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि संस्कृती हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. बीडमध्ये प्लेगची चर्चा असतानाच, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. एका साहित्याच्या अभ्यासकाने घडवलेल्या परंपरेच्या नावाने आज कादंबऱ्या कपाटात कोंडल्या जाव्यात, याला काय म्हणावे?

आता धर्मगुरू मित्रांकडे वळतो. त्यांची चिंता आम्ही हसण्यावारी नेत नाही. अंगारे-धुपारे, करणी आणि भोंदूगिरी यांनी नाडलेली घरे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिली आहेत. पण फादर, या कादंबरीतील जादू तसली नाही. तेथे ती विणकामासारखी, बागकामासारखी कष्टाने कमवायची कला आहे, आणि मरणापुढे ती पुष्कळदा हरते. करणीवर विश्वास बसावा असे तेथे काही नाही. कष्टावर मात्र बसतो.

दुसरे असे की, आपल्या देवळांतून संत अलॉयसियस गोन्झागाची तसबीर असते. हाती लिलीचे फूल, नजर खाली, चेहरा गुलाबी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगतात, हा तरुणांचा आश्रयदाता. तो मेला कसा, ते मात्र घाईने सांगून टाकतात. येशूसंघात शिक्षण घेत असतानाच, रोममध्ये साथ आलेली असता, तो रोग्यांची शुश्रूषा करीत होता. त्यातच त्याला रोग जडला आणि २१ जून १५९१ रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो वारला. वाचकहो, तोही शिकाऊच होता. लिलीच्या फुलाऐवजी त्याच्या खांद्यावर एक रोगी दाखवला असता, तर आमच्या मुलांना तो अधिक कळला असता.

आणि कल्पित कथेला आपण ख्रिस्ती माणसांनी तरी भ्यावे का? 'माझा शेजारी कोण?' असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा उत्तर म्हणून त्याला व्याख्या मिळाली नाही. त्याला एक रचलेली गोष्ट ऐकवण्यात आली. त्या गोष्टीत याजक आणि लेवी जखमी माणसाला बगल देऊन निघून जातात. नियमशास्त्र त्या दोघांनाही पाठ होते. सुरतेची कुलपे आठवली की हमखास ही गोष्ट आमच्या मनात येते.

राहिले प्राध्यापक. काम्यूची थोरवी आम्हाला मान्य आहे. १९४७ सालची 'द प्लेग' आम्ही दोनदा वाचली आहे. पण ती सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती देऊन पाहावी, म्हणजे किती पाने पुढे सरकतात ते कळेल. वास्तववादाचा आग्रह धरणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. आपल्या वास्तवाचे आपण काय केले? शाळेच्या इतिहासात १८९७ चा पुण्याचा प्लेग म्हणजे रँडची जुलूमशाही आणि चापेकरांच्या गोळ्या. तो इतिहास खराच आहे. पण त्यात रोगी कोठे आहे? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे गोव्याहून आलेले, आपल्याच समाजातले. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? सावित्रीबाई फुले यांनी हडपसरजवळ पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या मदतीने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला, मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. हे भाषणांत सांगितले जाते. पण त्या दवाखान्यात रात्र कशी जात असेल, हे एखाद्या किशोराला जाणवेल असे कोणी लिहावे? ते लिहिण्याची जबाबदारी आपली होती. आपण ती पार पाडली नाही, म्हणून मुले परक्या नगरातील निळ्या डागांची गोष्ट वाचतात. त्यांना पळपुटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय कल्पित नगराचा एक लाभ आहे. तेथे वाचकाला बोट दाखवायला ओळखीची जात, पंथ किंवा गाव सापडत नाही. एप्रिल २०२० च्या अखेरीस नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातून पंजाबात परतलेले यात्रेकरू बाधित आढळले, तेव्हा आधी यात्रेकरूंना आणि मग आमच्या नांदेडला कसे बोल लावले गेले, ते स्मरावे. रोगी दिसण्याआधी त्याचे लेबल दिसते, ही आपली जुनी खोड आहे. कादंबरीतील गटारातल्या पोरीला लेबल नाही. ती फक्त आजारी आहे, आणि तिचा मित्र तिच्यापाशी बसून आहे.

आमचे मागणे फार मोठे नाही. वसतिगृहाच्या चालकांनी अवांतर पुस्तके शेगडीच्या यादीतून वगळावीत आणि रात्री निजण्यापूर्वीचा अर्धा तास मुलांना द्यावा. अर्ध्या तासाने कोणाचे गुण बुडत नाहीत. मन लावून वाचणारी मुलगी प्रश्नही मन लावून वाचते. धर्मग्रामांनी आणि सिस्टरांच्या वसतिगृहांनी एक मांडणी अशा पुस्तकांसाठी राखावी, त्यांत कल्पनारम्य कथांना मज्जाव नसावा. आणि मराठवाड्यातील लिहित्या हातांनी मामल्याची, सुरतेची, २०२१ च्या त्या रात्रपाळ्यांची गोष्ट किशोरांसाठी लिहावी. वास्तव म्हणून लिहावी किंवा कल्पनेचा वेष देऊन लिहावी, आमची हरकत नाही. तोवर जे उपलब्ध आहे, ते तरी त्यांच्या हातून ओढून घेऊ नये.

हा लेख आम्ही त्या रेक्टरबाईंनाही पाठवीत आहोत. बाई, आपण पुस्तक जपून ठेवले आहे, याबद्दल आभार. परीक्षेनंतर येऊन न्यायला आपण सांगितले होते. परंतु अर्ध्या कथेवर थांबलेली ती मुलगी रोज रात्री अंथरुणावर पडून, तो पोरगा आपल्या मैत्रिणीपाशी थांबला की पळाला, असा विचार करीत असेल. पुढल्या आयुष्यात हाच प्रश्न तिला स्वतःला पडणार आहे. कपाटाची किल्ली आपल्यापाशी आहे. पुस्तक तिला आजच द्यावे, अशी आमची विनंती आहे.